बत्तीस मीटरचा रस्ता

१४ नोव्हेंबर

रस्ता-सुरक्षेच्या अहवालासाठी सकाळी सहा ते दहा फरीदाबादच्या हायवेवर उभी होते. डोळे चुरचुरतायत, घसा बसलाय. चार तासांत दोन हजार एकशे सहा माणसं रस्ता ओलांडताना मोजली! निम्म्याहून जास्त बायका, पलीकडच्या कारखान्यांत जाणाऱ्या. सिग्नल नाही, पट्टे नाहीत. दुभाजकात एक फट आहे, तीच त्यांची वाट.

तिथेच भीमाबाई भेटली. नट-बोल्टच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. मी फोनवर मराठी बोलत होते, ते ऐकून थांबली. "आम्ही जालन्याकडच्या. तीस वर्षं झाली इकडं येऊन. तुम्ही काय मोजताय?" सांगितलं. म्हणाली, "जी ओलांडतच नाहीत ती पण मोजा की! माझ्या सासूची लेक पलीकडं राहते. दोन वर्षं झाली, म्हातारी गेली नाही. गाड्यांना भिते."

हे आमच्या कुठल्याच फॉर्ममध्ये नाही!

२० नोव्हेंबर

रस्ता बत्तीस मीटर रुंद. सिग्नलची वेळ काढताना माणूस सेकंदाला एक पूर्णांक दोन मीटर चालतो असं आम्ही धरतो. म्हणजे सत्तावीस सेकंद पुरेत. आज शिफ्ट सुटल्यावर भीमाबाई आणि तिच्याबरोबरच्या चाळीसजणींची चाल घड्याळ लावून मोजली. सरासरी – शून्य पूर्णांक आठ! सत्तावीस सेकंदांनी गाड्या सुटतील तेव्हा या बायका अजून रस्त्यातच असणार. दहा मीटर बाकी.

त्यांच्यातली कौशल्या बिहारची. म्हणाली, "मैडम, आठ घंटे खड़े रहिए, फिर आप भी चलके दिखाइए." सगळ्या हसल्या. मी पण. नंतर वाटलं, हसण्यासारखं काय होतं त्यात?

९ डिसेंबर

शेवटचं प्रकरण लिहून झालं. आपल्याला अजून काय माहीत नाही, एवढंच त्यात आहे. भीतीने घरी बसलेल्यांची गणती नाही. गाडी अंगावर येता येता वाचलेल्यांची नोंद कोणी ठेवत नाही. थकलेली माणसं किती हळू चालतात, हे कोणी तपासलेलं नाही. हा अभ्यास करा, आणि तोवर इथे चाळीस सेकंदांचा सिग्नल द्या.

विलास सरांना वाचून दाखवलं. पीएचडीला त्यांच्याकडे आले त्याला चौदा वर्षं झाली. तेव्हापासून त्यांच्या हाताखाली आहे. "ठीक" याच्या पुढे कधी गेले नाहीत. आज म्हणाले, "सुनीती, हे खरं काम."

मेट्रोत एकटीच हसत होते. समोरची बाई बघायला लागली!

२१ फेब्रुवारी

अहवाल छापून आला. शेवटचं प्रकरण नाही.

दोनदा चाळलं. नाही! त्याच्या जागी एक परिच्छेद – 'पादचाऱ्यांमधील शिस्तीचा अभाव लक्षात घेता दुभाजकावर अखंड रेलिंग उभारण्यात यावे.' आणि पुरावा म्हणून माझाच तक्ता. माझे दोन हजार एकशे सहा बेशिस्त! पादचारी पूल तिथून अकराशे मीटरवर आहे, याचा उल्लेखसुद्धा नाही. मुखपृष्ठावर दोन नावं. त्यांचं, माझं.

फोन हातात घेतला, ठेवला. रडू आलं असतं. ते त्यांनी ऐकायला नको.

२२ फेब्रुवारी

सरांचे तीन फोन. घेतले नाहीत.

११ मार्च

भीमाबाईचा फोन. "ताई, जाळी लावली हो. छातीएवढी. पुलाकडनं जायचं तर अर्धा तास जास्ती. उशीर झाला की अर्धा दिवस कापतात. तुम्ही तर सिग्नल म्हणाला होता ना?"

हो, म्हणाले होते. चाळीस बायकांसमोर.

"बघते," म्हणाले. काय बघणार?

१९ मार्च

कौशल्या जाळीवरून चढून उतरत होती. साडी अडकली, पलीकडच्या लेनमध्ये पडली. टेम्पो. जीव वाचला, डावा पाय गुडघ्यापासून गेला.

वॉर्डाबाहेर भीमाबाई बसली होती. पोलिसांच्या कागदात लिहिलंय – स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.

२५ मार्च

दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर बैठक होती. अठरा माणसं, चहा, काजू बिस्किटं. अहवालाचं कौतुक चाललं होतं. सर माझ्यासमोर.

मी उभी राहिले. म्हणाले, "हा माझा अहवाल नाही. विलास सरांनी माझं प्रकरण मला न विचारता काढलं. या रेलिंगपायी एका बाईचा पाय गेलाय." चौदा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यासमोर आवाज चढवला.

वाटलं, भांडतील. सर एवढंच म्हणाले, "बाईंचं म्हणणं इतिवृत्तात नोंदवून घ्या." बाई! सुनीती नाही.

बाहेर लोकांनी माझा हात हातात घेतला. शाबास म्हणाले. बरं वाटलं. खोटं का लिहू, फार बरं वाटलं.

२६ मार्च

इस्पितळात जाऊन सगळं सांगितलं. सरांनी कसं फसवलं ते. कौशल्याने डोळे मिटून ऐकलं. भीमाबाई माझा हात धरून म्हणाली, "चला, तुम्ही नव्हता त्यात. आठ दिवस तेच खात होतं मला."

राजीनामा लिहिला. दोन ओळी.

२८ मार्च

इतिवृत्ताला जोडायला जुने मेल काढत होते. सरांचा एक सापडला, १७ जानेवारीचा. "वरून दबाव आहे. शेवटचं प्रकरण काढा म्हणतात. बदललेली फाईल जोडली आहे, नीट वाच. तू नको म्हणालीस तर मी सही करणार नाही."

त्याखाली माझं उत्तर. अकरा मिनिटांनी. "बघितलं सर. ठीक आहे."

पानिपतच्या कामावरून परतत होते त्या दिवशी. गाडीत, मोबाईलवर. फाईल उघडलीच नव्हती. मेलही पुरता वाचला नसणार.

मंगळवारच्या बैठकीत हा मेल सरांच्या खिशातल्या फोनमध्ये होता. त्यांनी काढला नाही.

अठराही जणांना तो जसाच्या तसा पाठवला. भीमाबाईकडे मेल नाही. तिला समोर बसून सांगावं लागणार.