ऊनाच्या खुणा, ग्लेनिसच्या हवाली

ग्लेनिस, तुझी कंबर आता कशी आहे? तुझ्या बॅरीचा खोकला थांबला का? रसेल, गुडघ्याचे ऑपरेशन होऊन महिना झाला असेल; घाईने जिने चढू नकोस. माझे विचाराल तर डोळे अधू झाले आहेत, छाती भात्यासारखी वाजते, आणि फार दमलो आहे. डोके मात्र ठिकाणावर आहे, आणि कायद्याला तेवढेच लागते.

सबब मी, क्लॅरन्स टनब्रिज, वय एक्क्याऐंशी, धंदा मेंढ्या भादरणे (आता बंद), राहणार टुम्बारी, न्यू साऊथ वेल्स, कोणाच्या धाकाने अथवा भरीस घालण्याने नव्हे, तर आपल्या मनाने हे लिहून ठेवतो. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात लिहिले होते. याची प्रत तुम्हा दोघा भावंडांना आत्ताच पाठवतो. मेल्यावर उत्तर घेता येत नाही.

कलम १. घर दोघांना निम्मे निम्मे. मागचे दार पावसात फुगते, ते जरा उचलून लावावे.

कलम २. कातरी आणि धार लावायचा दगड रसेलला. त्याने जन्मात मेंढी धरली नाही, तरी विकू नयेत.

कलम ३. शेजारीण मर्ल हिला काही ठेवलेले नाही. साक्षीदाराला काही मिळता कामा नये असे वकील म्हणाला, आणि सही करायला दुसरे कोण येणार?

कलम ४. पुस्तके. हे कलम लांबेल.

इथल्या बायका फिरत्या वाचनालयाच्या गाडीतून रडवणाऱ्या प्रेमकथा नेतात. नावे सगळी सारखीच, म्हणून वाचून झालेले पुस्तक ओळखायला प्रत्येकीची पेन्सिलीची खूण ठरलेली. मर्लची शेवटच्या पानावर फुली. तुमची आई ऊना मात्र जिथे रडू आले त्या ओळीशेजारी छोटा थेंब काढायची. ती गेल्यावर ग्लेनिस इथे राहिली आणि ते थेंब शोधत आईची पुस्तके वाचू लागली. मला कोणी सांगितले नव्हते, मीही विचारले नव्हते. वाचनालयाला पुस्तके साफ करायला माणूस हवा होता. मी रिकामा होतो. लोकरीतला काडीकचरा वेचण्यात आयुष्य गेलेले. खोडरबर घेऊन बसलो आणि एक रेघ ठेवली नाही.

मर्ल गाडीपाशीच म्हणाली, "क्लॅरी, या पुस्तकातला डॉक्टर माझ्यासमोर तिसऱ्यांदा मरतोय. आग लाव तुझ्या त्या खोडरबराला."

ग्लेनिस ओरडली नाही. "डॅड, आई तेवढीच उरली होती रे. तू तिला पुसून टाकलंस."

"पेन्सिलीच्या रेघा होत्या गं," मी म्हणालो.

चूक खोडण्याची होती, पण गुन्हा या वाक्याचा. ती दुसऱ्या दिवशीच्या बसने गेली. त्याला सहा वर्षे झाली.

नंतर मी तीच पुस्तके वाचायला घेतली. पहिल्या दहांत घोरलो. अकराव्यात एक म्हातारा बायकोचा कोट हातावर घेऊन स्टेशनात उभा राहतो. तिथे चष्मा काढावा लागला. पुसून पुन्हा पान खिडकीशी तिरके धरले, तर त्याच ओळीशेजारी कागद दबलेला दिसला. थेंब. शिसे गेले होते, दाब राहिला होता.

मग सगळी पुस्तके तशीच पाहिली. वाचनालयाने ती काढून टाकली, तेव्हा मी घरी आणली. सापडले तिथे पांढऱ्या लोकरीचा धागा ठेवला आहे. पेन्सिल फिरवली नाही, तो हात माझा झाला असता. लाल धागे आहेत ती माझी रडण्याची ठिकाणे. त्यांना तिची समजू नये. ही सर्व पुस्तके ग्लेनिसची.

एक राहिले: ऊनाने शेवटी आणलेले. तोवर बारीक खूण दिसण्याइतकी माझी नजर उरली नव्हती. बोटांनी चाचपून पाहिले, पण भादरून भादरून बोटांना काही कळत नाही. ते या प्रतीसोबत पाठवतो आहे.

सही: क्लॅरन्स टनब्रिज
साक्षीदार: मर्ल ऑक्सलेड, डेस्मंड फिच (वाचनालयाच्या गाडीचा ड्रायव्हर)
टुम्बारी, १४ ऑगस्ट २०१४

ग्लेनिस, पान उजेडात तिरके धर. थेंब दिसला तर ती ओळ मोठ्या अक्षरांत उतरवून पाठव, मला नाही लागली तर मर्ल वाचून दाखवेल. नाही दिसला, किंवा शोधावासाच वाटला नाही, तर तेही लिही. पण लवकर लिही, पोरी.