विवराच्या काठावर नारळ

२ जानेवारी १९८४, रत्नागिरी
मेहुण्याचं, बाळाचं, टांझानियाहून पत्र. तिथे तो कॉफीच्या कारखान्यात मेकॅनिक. माझी नि मालनची तिकिटं काढलीत. डोंगरात निजलेल्या ज्वालामुखीचं विवर आहे, तळाशी तळं. उतरायला तीन तास. वाटेत रानरेडे असतात म्हणून बंदूकवाला लागतो. वाचून हात गार पडले. हवाच गार आहे.

३ जानेवारी
वाचनालयात बोलून बसलो. चिटणिसांनी तिथल्या तिथे माझं व्याख्यान ठरवलं. १८ फेब्रुवारी. तळातला दगड टेबलावर ठेवीन म्हटलं. वीस वर्षं दुसऱ्यांच्या व्याख्यानांना खुर्च्या मांडल्या. यंदा कुणीतरी माझ्यासाठी मांडेल.

९ जानेवारी, पहाटे ५
आजपासून रोज भगवती किल्ला चढणार.

१० जानेवारी
वाटेत कुत्रं होतं. सोमवारपासून.

१५ जानेवारी
गावी जाऊन देवीला कौल लावला. मनात म्हटलं, नको असेल तर डावं फूल दे. उजवं पडलं. फुलं ओली असतील. पुन्हा लावायला सांगितलं. तीनदा उजवंच. भागोजी गुरव म्हणाला, भाऊ, देवी तरी कितींदा सांगनार? आता निघा. तिकडच्या डोंगराच्या राखणदार देवाला ठेवायला त्याने नारळ दिला.

६ फेब्रुवारी, विवराचा काठ, सकाळी ९
धुकं. खालचं काही दिसत नाही. तेच बरं. बंदुकीला सुतळी बांधलेली आहे. बंदूकवाल्याला काही विचारलं नाही.
परक्या हद्दीत गाऱ्हाणं घातल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही ही आपली रीत. घातलं. घाईत कुणी सुटायला नको म्हणून वाडीतली सगळी घरं घेतली, गुरं घेतली, वाचनालयाचं गळकं छप्परही. बाळा दर वेळी 'होय महाराजा' म्हणत होता. पुढे बंदूकवालाही म्हणू लागला.

सकाळी ११
सौ. मालनने पदर खोचला. म्हणाली, तुमचं चालू द्या, मी दगड घेऊन येते. तिघं उतरलीसुद्धा.

११.१०
बंदूक खाली गेली.

दुपारी १
रामरक्षा अकरा वेळा. झुडूप हललं. रेडा. नक्की रेडा. शिंगं दिसली. नारळ फेकला.

१.०५
गाय आहे. गळ्यात घंटा. फुटलेला नारळ हुंगून गेली. राखणदाराने मानून घेतला असं धरतो.

संध्याकाळी ५.३०
मालन परतली. ओच्यात काळा दगड. विचारलं, जेवलात का? उद्या मी एकटा उतरणार.

७ फेब्रुवारी
गुडघा.

१७ फेब्रुवारी, रत्नागिरी
भाषण लिहून झालं. उतरलो असं कुठेही लिहिलं नाही. नाही उतरलो असंही नाही. देवाला साक्ष ठेवूनच लिहिलं.

१८ फेब्रुवारी
दहा मिनिटं उत्तम झाली. धुक्याचं वर्णन लोकांना आवडलं. मग पहिल्या रांगेतल्या आनंदीबाईंनी विचारलं, तळ्याचं पाणी गोडं की खारं? पहिल्यांदा देवीची आठवण झाली, मग मालनकडे पाहिलं. ती बायकांच्या बाकावरून म्हणाली, खारट हो, आमच्या खाडीसारखं, मी चाखलं ना. चिटणिसांनी तिला वर बोलावलं.
ती पाऊण तास बोलली. मी कुठे होतो असं कुणीतरी विचारलं. ती म्हणाली, वर आमच्यासाठी गाऱ्हाणं घालत होते, म्हणून तर सुखरूप आलो. टाळ्या पडल्या. मला मान वर करता येईना.
बाहेरचे लोकही ऐकायला आत येऊ लागले. मी मागच्या खोलीतून आणखी बारा खुर्च्या आणून मांडल्या.