राजाने न घेतलेला अर्ज

२१ जून २०२६, रविवार

चहा महाग झाला म्हणून नाही फेकला! इतकी वर्षं मी चुकीचं समजून होतो. १७७३ च्या कायद्याने अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींमध्ये चहा उलट स्वस्त झाला होता. तरी बोस्टनच्या लोकांनी तीनशे बेचाळीस पेट्या समुद्रात टाकल्या. दोन ठिकाणी ताडून पाहिलं, आकडा बरोबर. आणि चहा कोणाचा? ईस्ट इंडिया कंपनीचा. त्याच कंपनीच्या व्यापाराची बोलणी करायला निघालेला इंग्लंडच्या राजाचा वकील १६१५ मध्ये आपल्या बुऱ्हाणपुरात शाहजाद्यासमोर उभा राहिला होता. म्हणजे ह्या गोष्टीचा एक धागा तापीकाठीही निघतो. हे व्याख्यानात घ्यायचंच.

व्याख्यान ४ जुलैला, इतवाऱ्यातल्या मराठी वाचनालयात. त्या दिवशी अमेरिकेच्या स्वातंत्र्याला अडीचशे वर्षं होतात. चिटणीस मोतीरामभाऊ (पेपर मिलमधून रिटायर) म्हणाले, प्रोफेसर बोलावला तर गाडीभाडं मागतो, तुम्ही तर इथलेच. बोलायची ही पद्धत! पण हो म्हटलं. आठवीनंतर शाळा सुटली, इंग्रजी मी दुकानात मोटर वाइंडिंग करता करता डिक्शनरीवरून शिकलो. माझ्या भाषणात एक तारीख चुकीची काढून दाखवा म्हणावं.

विषय ठरवला — कुरकुरीचं युद्ध कसं होतं? म्हणजे लोक आधी नुसते नाराज असतात, आणि एक दिवस बंदूक उचलतात. मधला तो दिवस कोणता? तो मला नेमका काढायचाय.

जेवताना वैजयंतीला चहाचं सांगितलं. ती म्हणाली, "स्वस्त झाला तर फेकला कशाला?" प्रश्न वहीत लिहून ठेवला.

२२ जून, सोमवार

सकाळी भूपेंद्र आला रानातून. धाकटा भाऊ. तो, तृप्ती आणि पोरं तिकडेच शेतावर राहतात. मी बुऱ्हाणपुरात, राजपुऱ्यात, दुकानामुळे. शेत एकत्र, कारभार माझ्याकडे. वडील, आण्णा, गेल्यापासून तसंच चालत आलंय. काय लावायचं, कोणत्या व्यापाऱ्याला द्यायचं, हे मी ठरवतो आणि तो करतो. कधी कुरबूर नाही.

चहा घेतला, बसला. मी त्याला स्टॅम्पचा कायदा समजावून सांगितला, १७६५ चा. वर्तमानपत्र, कोर्टाचे कागद, खेळायचे पत्तेसुद्धा, सगळ्याला सरकारी शिक्क्याचा कागद. आणि कर बसवणाऱ्या पार्लमेंटात ह्यांचा एकही माणूस नाही. त्यांचं म्हणणं तेवढंच होतं, घ्या कर, पण आम्हाला विचारून. भूपेंद्र "हं, हं" करत राहिला. मग उठून गेला.

वैजयंती म्हणाली, भाऊजी काहीतरी बोलायला आले होते. मी म्हटलं, बोलला असता मग. ती म्हणाली, तुम्ही विचारलंत कुठे?

आमच्या घरची रीत आहे ती. थोरल्याने "काय म्हणतो?" असं विचारल्याशिवाय धाकट्याने कामाचा विषय काढायचा नाही. मीही आण्णांसमोर तसाच बसायचो. खरंय, आज विचारायचं राहून गेलं. स्टॅम्पच्या नादात.

२४ जून

स्टॅम्पचा कायदा वर्षभरात रद्द केला. पण त्याच दिवशी दुसरा केला — तुमच्यासाठी वाट्टेल तो कायदा करायचा हक्क आमचाच! कर सोडला, हट्ट नाही सोडला. गंमत आहे.

२५ जून, गुरुवार

आज राजाची बाजू वाचली. न्यायाने दोन्ही बाजू मांडायला पाहिजेत. इंग्लंडचं म्हणणं असं, की फ्रेंचांशी लढाई आम्ही केली, तुमच्या मुलखाचं रक्षण केलं, आता खर्चाचा वाटा उचला. ह्यात चूक काय? मला तरी दिसत नाही.

दुपारी भूपेंद्रचा फोन. मी न विचारताच विषय काढला त्याने! नदीकाठच्या तुकड्यात ह्या वर्षी केळी नको म्हणतो, हळद लावू. दोन वर्षं तिथे व्हायरस आला हे खरं. पानांवर पिवळे पट्टे पडतात, मग झाडं उपटून बांधावर टाकायची. पण तो सगळ्या तालुक्यात आला होता, काही आमच्याच तुकड्यावर रुसलेला नव्हता. केळीची टिश्यू कल्चरची रोपं मी नर्सरीत बुक करून ठेवलीत, दोन तारखेला गाडी येणार. माझं नाव दिलंय तिथे. मी म्हटलं, बोअर मी पाडला, ठिबक मी टाकलं, मोटर जळली तर रात्रीतून मी वाइंडिंग भरून देतो, मला का त्या रानाची काळजी नाही?

"तसं नाही दादा," म्हणाला, "एक बार येऊन बघा ना. माती हातात घेऊन बघा."

मी सांगितलं, व्याख्यान झाल्यावर बघू. म्हणाला, तोवर गाडी येईल ना. मी म्हटलं, येऊ दे.

फोन ठेवल्यावर वैजयंतीने विचारलं, शेवटचे कधी गेलता तुम्ही रानात? गुढीपाडव्याच्या आधी, बहुतेक. गुडघ्यामुळे.

२७ जून, शनिवार

आज जे सापडलं त्याने दिवसभर डोकं चक्रावलंय.

१९ एप्रिल १७७५ ला राजाचं सैन्य आणि वसाहतीतले लोक यांच्यात गोळीबार झाला. माणसं मेली दोन्हीकडची. मी धरून चाललो होतो, की हाच तो दिवस, इथून पुढे स्वातंत्र्याचं युद्ध. नाही! त्यानंतर जुलैमध्ये ह्याच लोकांनी राजाला अर्ज पाठवला. अर्जात काय — आम्ही आपली इमानी प्रजा, तक्रार आहे ती आपल्या मंत्र्यांबद्दल, आपण मध्ये पडा आणि हे मिटवा. रक्त सांडल्यावरसुद्धा! एक पाय युद्धात आणि एक राजाच्या दारात.

आणि राजाने तो अर्ज घेतलाच नाही. वाचून फेटाळला असं नाही, हातातच घेतला नाही. उलट ऑगस्टमध्ये जाहीर केलं, की हे बंडखोर आहेत.

वाचायला काय जात होतं त्याचं? पाच मिनिटांचं काम. संध्याकाळी वैजयंतीला सगळं वाचून दाखवलं. ती गिलकी चिरत होती. म्हटलं, सांग, एवढा मोठा राजा, एक अर्ज घ्यायला त्याला सवड नसावी?

ती म्हणाली, "त्याचंही कुठे व्याख्यान असेल."

आणि चिरत राहिली.

मी उठून दुकानात गेलो. काम काही नव्हतं.

२८ जून

भाऊ म्हणजे वसाहत नव्हे. मी काही त्याच्यावर कर बसवलेला नाही. उदाहरण द्यायचं तर नीट जुळणारं द्यावं.

२९ जून

दोनदा फोन हातात घेतला. त्याने करायला पाहिजे. मी का?

१ जुलै, बुधवार

तृप्ती आली. इतवाऱ्याच्या बाजारात काम होतं म्हणे. ती माझ्याशी थेट बोलत नाही, जेठाशी, थोरल्या दिराशी, बोलत नाहीत आमच्यात. स्वयंपाकघरात वैजयंतीजवळ बसते आणि मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात तिला सांगते. कधी काही पोहोचवायचं असेल तर असंच. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं असेच बोलतो, आणि खरं सांगायचं तर छान चालतं.

आज म्हणाली, "ताई, दादांना सांगा, रोपांची गाडी पाठवू नका. उतरवणार नाही कोणी."

वैजयंती म्हणाली, कोणी म्हणजे? मजूर मिळत नाही का?

"मजूर आहे ना. हे नाही म्हणतात. जेवत नाहीत धड. म्हणतात, दादांना ना कसं म्हणू, आणि ती रोपं मरताना अजून एकदा कशी बघू."

मी बैठकीतून म्हटलं (भिंतीकडे बघून, रीतीप्रमाणे), की माझं नाव दिलंय नर्सरीत, गाडी येणार. वैजयंती आतून म्हणाली, ऐकलं तिने.

जाताना तृप्तीने माझ्यासाठी वांगी ठेवली. दरवेळी ठेवते.

२ जुलै, गुरुवार

गाडी परत गेली.

अकराला ड्रायव्हरचा फोन दुकानात. "सेठ, ये लोग उतारने नहीं दे रहे।" मारामारी केली का विचारलं. नाही म्हणाला, चाय पिलाया, खाना भी पूछा, पर बोले गाडी वापस ले जाओ. मग भूपेंद्र आला फोनवर.

तो म्हणाला, दादा, मी भांडत नाही. मला वेगळं काही नको. एक तुकडा मला विचारून लावा, एवढंच.

दुकानात दोन गिऱ्हाईकं उभी होती, ऐकत होती. माझ्या तोंडून गेलं, "असं असेल तर वाटणीच करून टाकू!"

तो म्हणाला, "बरं दादा."

फोन ठेवला आणि तिथेच उत्तर कळलं, वैजयंतीच्या त्या प्रश्नाचं. चहा स्वस्त असो की महाग. एकदा पेट्या धक्क्यावर उतरल्या, की हुकूम मान्य केल्यासारखं होतं. म्हणून उतरवूच द्यायच्या नाहीत. फिलाडेल्फियाहून तर चहाचं जहाज जसंच्या तसं परत पाठवलं होतं, बोस्टनपेक्षा शांतपणे. ते मी टिपून ठेवलेलं आहे, लाल शाईने. इतके दिवस टिपून ठेवलंय आणि डोक्यात शिरलं आज.

३ जुलै

भाषण पुन्हा लिहिलं. आधी मी लिहिलं होतं, की वसाहतींनी वेगळं व्हायचं ठरवलं आणि मग राजा लढला. तारखा तसं सांगत नाहीत. राजाने बंडखोर ठरवलं ऑगस्ट १७७५ मध्ये. त्यांनी स्वतंत्र झालो म्हटलं जुलै १७७६ मध्ये. म्हणजे तुटल्याचा शब्द आधी राजाकडून आला. ते तर तोवर "आम्हाला विचारा" एवढंच म्हणत होते.

हे कापावं की ठेवावं? ठेवलं. तारीख ती तारीख.

४ जुलै, शनिवार

झालं व्याख्यान. लोक पस्तीसेक. पंखा मध्येच बंद पडला, मी स्वतः स्टूलवर चढून रेग्युलेटर ठीक केला, त्यालाच पहिली टाळी मिळाली. इंग्लंडच्या राजाचा वकील आणि बुऱ्हाणपूर, हे लोकांना फार आवडलं. ठराव दोन जुलैचा, मजकूर मंजूर चार जुलैचा, आणि बहुतेकांच्या सह्या तर ऑगस्टमधल्या, हे सांगितलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोन मास्तरांनी लिहून घेतलं. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

अर्जापाशी आलो आणि एकच ओळ दोनदा वाचली. मोतीरामभाऊ म्हणाले, पाणी घ्या, राजा कुठे पळत नाही. लोक हसले. मीही.

भूपेंद्र आला नाही. पहिल्यांदाच. गणपतीत दहा मिनिटं बोलायचो तरी रानातले कपडे बदलून मागे येऊन बसायचा.

शेवटी प्रश्न आला, मग युद्ध टळलं असतं का? मी म्हटलं, इतिहासात असा प्रश्न विचारत नाहीत. घरी येताना वैजयंती म्हणाली, विचारतात, उत्तर देत नाहीत फक्त.

मी तिला सांगितलं, सोमवारी रानात जातो. हळद लाव म्हणून सांगतो. ती म्हणाली, सांगू नका. विचारा.

६ जुलै, सोमवार

सकाळीच गेलो. मोटरसायकल बांधाशी लावली तर पटवारी उभा, नकाशा उघडून. गावातले दोन म्हातारे. भूपेंद्र इस्त्रीच्या शर्टात.

पाया पडला. मी विचारलं, हे काय?

"तुम्हीच बोलले ना दादा, वाटणी करून टाकू. म्हणून बोलावलं. तुमचा शब्द मी कधी टाळला?"

चेहऱ्यावर राग शोधला मी. नव्हता. गाडी परत पाठवली तेवढी एक गोष्ट सोडली, तर त्याने आजवर माझं सगळं ऐकलंय, आणि हेही ऐकलं. मी म्हणालो, रागात निघालं ते तोंडातून. तो म्हणाला, माहीत आहे. पण तुमच्या तोंडून निघालं. आता मी इथे रोज ते ऐकत राहीन. त्यापेक्षा करून टाकू, आणि चहाला येत जाऊ.

म्हाताऱ्यांनी मान हलवली. मी म्हटलं, पाऊस जोर धरण्याआधी जे लावायचं ते लाव, बाकी उद्या.

माती हातात घेतली येताना. मला तीत काही कळलं नाही.

७ जुलै

वाटे पडले. आमच्यात धाकट्याने आधी उचलायचं असतं. रस्त्याकडची जमीन होती, बोअर होता, चांगली काळी होती. त्याने नदीकाठचा तुकडा उचलला.