डावीकडची शिलाई

४ जून

चि. गंभीरराव यांस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. खोली लहान आहे, खिडकीला पडदा नाही, शेजारच्या बाई घोरतात, आणि तरी तुला शिक्षिकेचं आयुष्य उदात्त वाटतं. हे वाचून आपलं घर एका पिढीत कुठून कुठे गेलं ते कळलं. आमच्या वेळी पडदा नसला की आधी पडदा शिवावासा वाटायचा. माप कळव.

दुकान चाललंय. काजवाली मावशी तोंड आणि हात एकाच वेगानं चालवते, पण काजं सरळ पडतात म्हणून मी ऐकून घेते. तुझे बाबा दिवसभर लिफ्ट दुरुस्त करतात आणि घरी येऊन गप्प बसतात. जगाला वर-खाली करून त्यांचं बोलणं संपत असावं.

आता एक गंमत. बँकेतल्या बाई तुला माहीत आहेत. त्यांचं आणि माझं माप एकच, म्हणून त्यांच्या कपड्यांची ट्रायल मी वर्षानुवर्षं स्वतःवरच घेते. या वेळी त्यांचा कोट अंगात घातला तर डावीकडे छातीवर आवळला. माझीच शिलाई चुकली म्हणून उसवली, सैल केली. पुन्हा घातला, पुन्हा आवळला. पुन्हा उसवली. कोट घेऊन बाई घरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी परत आल्या. म्हणाल्या, डावीकडे अजून एक बाई मावेल एवढी जागा आहे, ती कुणासाठी ठेवलीत. मी पहिल्यांदाच स्वतःला टेप लावली. कोट बरोबर होता गं. शिंपीणच डावीकडे वाढली होती.

डॉक्टरीणबाईंनी सुई घालून तपासलं. कॅन्सर आहे. आधी केमो, मग ऑपरेशन, असं ठरलंय. बाईंना उरलेल्या कापडातून दुसरा कोट करून दिला, फसलेला दाराआड लटकतोय.

फोन केला नाही, कारण तू रडलीस की मला गप्प बसावं लागतं, आणि गप्प बसण्याचं खातं तुझ्या बाबांकडे आहे. नोकरी नवी आहे, धावत येऊ नकोस. लोभ आहे तसाच राहू दे. कुठे उसवला तर कळव, टाका घालते.

तुझी आत्या


१० जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी उभ्यानं वाचलं आणि मग बराच वेळ उभीच होते.

शहरातल्या वाचनालयात जाऊन या आजारावरची मिळतील ती पुस्तकं वाचली. आत्या, पूर्वीसारखं आता राहिलेलं नाही. उपचार पूर्ण घेतले तर पुष्कळ बायका बऱ्या होतात. सोबत एका कागदावर लिहिलंय ते नीट वाच. पाणी उकळून पी. गर्दीत जाऊ नकोस. ताप आला तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठ. डॉक्टरांना काय काय विचारायचं तेही खाली दिलंय. ते विचारायला लाजू नकोस, तो तुझा हक्क आहे. आपल्या घरात मी पहिली पदवीधर झाले ती तुझ्या मशीनच्या आवाजात अभ्यास करून. ते शिक्षण आत्ता तुझ्या कामी आलं नाही तर त्याचा उपयोग काय?

एक मागणं आहे. रागावू नकोस. थट्टा करू नकोस. आपल्या घरात प्रत्येक गोष्ट हसण्यावारी नेली जाते. तू दोन वेळा शिलाई उसवलीस, पण एकदा आरशात पाहिलं नाहीस. त्यात किती दिवस गेले असतील या विचाराने मला झोप येत नाही. मी आता लहान नाही. मला खरं लिहीत जा. नुसतं खरं.

शाळेतली मुलं गुणी आहेत. श्रमाची प्रतिष्ठा या विषयावर पाठ घेतेय, त्यात तुझं उदाहरण देते. पडद्याचं माप मुद्दाम पाठवत नाही. तू विश्रांती घे.

तुझ्या मायेची कायम हक्कदार,
तुझी भाची


२७ जून

चि. गंभीरराव यांस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझा आदेश पोचला. तुझं म्हणणं खरं आहे, आरशात बघायला हवं होतं. पण मी आरसा गिऱ्हाइकांसाठी ठेवते, त्यांच्या मागे उभी राहून मला फक्त त्यांची पाठ दिसते.

पुढच्या पत्रापासून थट्टा बंद. या पत्रात मात्र साठलेली संपवते, नाहीतर वाया जाईल.

पहिला केमो झाला. लांबलचक खोली आहे, ओळीनं मागे कलणाऱ्या खुर्च्या, अगदी केशकर्तनालय. फरक एवढाच की इथे कात्री लागत नाही, नुसतं बसलं तरी केस जातात. सिस्टरला माझी शीर सापडेना. म्हटलं, सुई इकडे द्या, माझा आयुष्यभराचा धंदा आहे. दिली नाही. औषध लालभडक. असलं लाल कापड दुकानात आलं तर मी परत पाठवते, पहिल्या धुण्यात रंग जातो म्हणून. सिस्टरला विचारलं, रंग पक्का आहे ना? म्हणाली, घरी बाथरूममध्ये कळेल. कळलं.

शेजारच्या खुर्चीत बसमधून निवृत्त झालेल्या कंडक्टरबाई असतात. कुणाची बाटली संपली की घंटी मारल्यासारखी जीभ वाजवतात आणि सिस्टर धावत येते. मी नवीन दिसल्यावर त्यांनी विचारलं, कुठे उतरणार. म्हटलं, शेवटच्या स्टॉपला. तर म्हणाल्या, मग खिडकीची जागा घ्या, प्रवास लांबचा आहे.

घरी आल्यावर पोटातलं सगळं बाहेर. तुझे बाबा बादली धरून उभे, चेहरा असा की उलटी त्यांनाच होणार. मी म्हटलं, बाजूला व्हा, लिफ्ट वर येतेय. ते हसले गं. दात दिसले. तुझ्या पदवीच्या निकालानंतर पहिल्यांदाच.

झालं. संपली थट्टा. तू सांगितलेलं पाणी उकळते, कागद मशीनच्या वर चिकटवलाय.

माया पुरून उरेल एवढी आहे, तू कमी घेऊ नकोस.

तुझी आत्या


११ जुलै

चि. भाचीस,
आशीर्वाद.

खरं लिहायला सांगितलंस, लिहिते.

तोंडात फोड आहेत. पाणी झोंबतं. केस उशीवर येतात. मावशी ते झाडते आणि बोलत नाही. हात थरथरतो. सुईत दोरा ओवता येत नाही, मावशी ओवून देते. परवा एका बाईंची डावी बाही उजवीकडे लावली. त्यांनी दाखवेपर्यंत मला कळलं नाही. मशीनवर कव्हर घातलं.

रात्री जाग येते तेव्हा वाटतं की औषध मला आधी संपवेल. सकाळीही तसंच वाटतं. पूर्वी सकाळी वाटत नसे.

मंगळवारी दुसरा केमो आहे. मला जायचं नाही. तुझ्या बाबांना सांगितलेलं नाही. तू खरं मागितलंस म्हणून तुला सांगितलं.

आत्या


१८ जुलै

चि. मुलीस,
आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घे.

मंगळवारी टॅक्सी आणली तर तुझी आत्या उठली नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाली, मी येणार नाही. टॅक्सी परत पाठवली. मी एकटा डॉक्टरीणबाईंना भेटलो. त्या म्हणाल्या, थोडं पुढे ढकलता येईल, पण सोडून दिलं तर गाठ वाढेल, मग ऑपरेशनही हातात राहणार नाही. पंचवीस तारखेचा शुक्रवार दिलाय. कंडक्टरबाईंनी विचारलं, बाई मधेच कशा उतरल्या. मी पंचवीस तारीख सांगितली.

ती ओरडत नाही, रडत नाही. विचारलं तेवढं उत्तर देते. मला वाटलं औषधानं असं होत असेल. मग मी एक थट्टा करून पाहिली. म्हटलं, लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली तर उतरता येत नाही, वर तरी जावं लागतं नाहीतर खाली. ती म्हणाली, खरं आहे. आणि परत वळली.

मावशी म्हणते, तू तिला थट्टा बंद कर असं लिहिलं होतंस. तू शिकलेली आहेस, विचार करूनच लिहिलं असशील. पण तुला आठवत नसेल म्हणून सांगतो. तुझी आई गेली तेव्हा तू जेवत नव्हतीस. सगळे समजावून थकले. तुझ्या आत्यानं माझ्या कोटाच्या दोन्ही बाह्यांची तोंडं शिवून टाकली आणि तुझ्यासमोर मला तो घालायला लावला. माझे हात बाहेरच येईनात. तू हसलीस, मग जेवलीस. तिनं स्वतः त्या दिवशी काही खाल्लं होतं का, ते मी विचारलं नाही.

तुला रजा मिळत नसेल तर राहू दे. पण तिला काहीतरी लिही.

तुझे बाबा


२१ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बाबांचं पत्र आलं. त्यांनी मंगळवारचं सगळं लिहिलंय. बाह्या शिवलेल्या कोटाची गोष्टही लिहिलीय. मला त्यातलं एवढंच आठवत होतं की कुणीतरी मोठं माणूस हात नसल्यासारखं दारात उभं होतं. ते बाबा होते हे मला शिक्षकांच्या खोलीत बसून कळलं. मी हसले, आणि मग शेजारी बसलेल्या बाईंना माझ्यासाठी पाणी आणावं लागलं.

आत्या, मी माझं मागणं मागे घेते. मला वाटायचं, थट्टा म्हणजे खऱ्यावर टाकलेलं पांघरूण. तुझं अकरा तारखेचं पत्र नुसतं खरं होतं, आणि त्यात तूच नव्हतीस. खरं लिहीतच जा, भीतीही लिही. पण तुझ्या हातानं लिही, माझ्या हुकमानं नको.

मला थट्टा येत नाही हे तुला माझ्या बारशापासून माहीत आहे. म्हणून जे घडलं तेच लिहिते. नोकरीसाठी तू शिवलेला निळा स्कर्ट आठवतो ना? परवा शाळेची तपासणी होती आणि सकाळी त्याची खालची दुमड अर्धी सुटली. सुई-दोरा सापडेना. मी ती स्टेपलरनं मारली. पूर्ण घेर.

तपासनीस मागच्या बाकावर बसले होते. मी श्रमाची प्रतिष्ठा शिकवत होते. काम कसं मन लावून, चोख करावं, असं मी म्हणाले आणि पहिली पिन फरशीवर पडली. मग मी हातवारे करेन तशा पडत गेल्या. पहिल्या बाकावरची मुलगी एकेक वेचून माझ्या टेबलावर रचत होती, तेही मोठ्या आदरानं. तपासनिसांनी शेऱ्यात लिहिलं की शिक्षिका तळमळीच्या आहेत, परंतु सुटसुटीतपणा कमी करावा.

शाळेसमोरच्या शिंप्याला स्कर्ट दाखवला. तो म्हणाला की टाके कशाला, गोंदानं चिकटवून देतो. तुझी आतली हातशिलाई बोटानं चाचपून म्हणाला, ही जुन्या बायकांची पद्धत, वेळ फार खाते.

तर आता ऐक. शुक्रवारी तू केमोला गेली नाहीस, तर शनिवारी मी स्कर्ट त्याला देते. गोंद आणून ठेवलाय असं तो म्हणतो. आयुष्यात पहिल्यांदाच धमकी देतेय, कुठे चुकली असेल तर दुरुस्त करून पाठव. तू गेलीस, तर तिसऱ्या वेळी मी स्वतः येते. मुख्याध्यापकांनी रजा दिलीय. स्कर्ट बरोबर आणीन.

आत्या, जा. हे मी नुसतं खरं लिहितेय, थट्टा मिसळायला मला जमलं नाही.

खिडकीचं माप सोबत पाठवतेय.

तुझ्यावाचून जिचा एकही कपडा अंगाला बसत नाही ती,
गंभीरराव


२८ जुलै

चि. गंभीरराव यांस,
अ. उ. आ. वि. वि.

स्टेपलर.

पत्र मशीनच्या फळीवर ठेवून मी हा शब्द मावशीला वाचून दाखवला. तिनं कानाला हात लावले. आमच्या धंद्यात खुनाला क्षमा आहे, याला नाही. आणि त्या गोंदवाल्याला माझा निरोप दे की ज्या बायकांची पद्धत जुनी आहे त्यांचे स्कर्ट घालून बायका निवृत्त झाल्या, तुझ्या गोंदावर उद्या मुंग्या येतील. तुझी दुमड का सुटली तेही मला माहीत आहे. टाच अडकली असेल, कारण तू चालतेस पुढे आणि बघतेस आकाशात.

शुक्रवारी गेले. तुझ्या धमकीनं गेले असं समजू नकोस. चिडून उठून बसले आणि बसलेच आहे तर जाऊन येऊ, असं झालं. टॅक्सीत तुझे बाबा माझ्याकडे बघत नव्हते, मी उडी मारेन की काय म्हणून दाराची कडी धरून बसले होते. कंडक्टरबाईंनी खिडकीची खुर्ची रुमाल टाकून अडवून ठेवली होती. माझं टक्कल बघून म्हणाल्या, आता कुठे पासधारक दिसता.

आता खरं. उलट्या पहिल्यापेक्षा जास्त झाल्या. डॉक्टरीणबाईंनी गाठ दाबून पाहिली आणि म्हणाल्या, इतक्यात काही सांगता येणार नाही. त्यांना हे म्हणताना माझ्याकडे बघवलं नाही. घरी मीही टेप लावली, पण हात थरथरत असताना घेतलेलं माप मी कुणाला सांगत नसते. भीती गेली नाही. मला वाटलं होतं, ती शेजारच्या खुर्चीत बसेल. ती माझ्याच खुर्चीत होती, दोघींनी मिळून एक बाटली घेतली. तिसऱ्याला जाईन की नाही ते आज विचारू नकोस, आज मी नाहीच म्हणेन. तू आलीस की विचार.

एक काम मात्र सुरू केलंय. बँकेतल्या बाईंचा तो फसलेला कोट काल दाराआडून काढला आणि अंगात घातला. आता मीच सगळीकडून कमी झालेय, तो सगळीकडून मोठा. उजवीकडे आत घेतला. बाह्या आखूड केल्या. एकेका बाहीनं तासभर खाल्ला, पण ती आपापल्या बाजूला आहे. डावीकडे काय करायचं ते ऑपरेशननंतरच कळणार. तिथे मी सध्या पांढऱ्या दोऱ्यानं लांब लांब कच्चे टाके घातलेत. दोरा मावशीनं ओवून दिला. पक्की शिलाई मारलेली नाही. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा कपडा स्वतःच्या मापानं शिवतेय, आणि गिऱ्हाईक भलतं कटकटी निघालं.

पडदा कापलाय. रंग विचारू नकोस, तुला उदात्त वाटणार नाही.

लोभ पुढच्या ट्रायलपर्यंत तरी असाच धर, मग बघू कुठे आवळतो ते.

तुझी आत्या

ता. क. स्कर्टाला उरलेल्या पिना ओढून काढू नकोस, कापड फाटेल. राहू देत तशाच. मी काढीन.