खंडोबाचा दिवा आणि कुऱ्हाडवाले

२० नोव्हेंबर २०२५, गुरुवार
गुढीपाडव्यानंतर ही वही आज उघडतोय. चूक माझीच. त्यातला शेवटचा महिना तर व्हायकिंगांच्या, म्हणजे त्या कुऱ्हाडवाल्या समुद्री लुटारूंच्या, सिरीयलपायी गेला, हेही लिहून ठेवतो.
उद्यापासून खंडोबाचे सहा दिवस. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून नंदादीप यंदा गंगापूरऐवजी इथं गारखेड्यात, माझ्याकडे. चंपाषष्ठीपर्यंत विझता कामा नये. आईनं फोनवर विचारलं, जमंल का रं, विझला तर माझ्या जिवाला लागंल. म्हटलं, आपलं लढवय्यांचं रक्त. सहा दिवस सिरीयल बंद.

२१ नोव्हेंबर
घट बसवला. दर दोन तासांनी तेल. सिरीयलचा एकच भाग पाहिला, तोही अभ्यास म्हणून.

२२ नोव्हेंबर, दुपारी ४
सिरीयलमधला सरदार बाप्तिस्मा घेतो आणि गळ्यात जुन्या देवाचा हातोडाही ठेवतो. दोन्हीकडं खोटा. इतकी चीड आली की सलग तीन भाग पाहिले. उठलो तर दिवा विझलेला.
घरात काडेपेटी नाही. गॅसवर उदबत्ती पेटवून लावला. सायलीनं पाहिलं. बारावीतली पोरगी, पण जीभ आजीची. म्हणाली, पप्पा, त्या व्हायकिंगांच्या देवानं ज्ञानासाठी एक डोळा दिला. तुमचे दोन्ही उघडे असून दिवा दिसला नाही.
आईला उद्या सांगणार. लढवय्या खोटं बोलत नाही.

२४ नोव्हेंबर
काल सांगणारच होतो. तेवढ्यात आईनंच फोन करून विचारलं, दिवा हाय ना? म्हटलं, आहे. होताच. देव्हाऱ्यातला खंडोबा घोड्यावर, हातात तलवार. त्याच्याकडं बघवत नाही.
प्रायश्चित्त म्हणून सिरीयल कायमची बंद.
संध्याकाळी एक भाग. सरदार मरतो का, एवढंच बघायला.

२६ नोव्हेंबर, चंपाषष्ठी
आई आली. तळी भरली. भरीत-रोडग्याच्या पंगतीत सगळ्यांसमोर तिनं विचारलं, विझू नाय दिला ना रं? सांगायलाच तोंड उघडलं, आणि निघालं, एकदाही नाही. सायली ताटातून मान वर काढेना. आई हसली. म्हणाली, व्हय, तुझा बापबी दरसाली असंच सांगायचा. आता दिवा कायमचा तुझ्याकडं.
ती गेल्यावर समईमागं एक काडेपेटी सापडली. जुनी, तेलकट, अर्धी संपलेली. आपल्या घरातली नाही. आईच्या पिशवीतून पडली असावी. हल्ली विसरते फार.
उद्या: आईची काडेपेटी गंगापूरला नेऊन देणे.