गाठीवरचं गरम तेल

बाबा, सोमवारी अकोल्यात माझ्या हाताचं ऑपरेशन आहे आणि त्याआधी आईला एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं. काल परतीच्या बसमध्ये तिनं विचारलं, "तुह्या बाबाचं बी असं करता आलं असतं काय रे?" मी खिडकीबाहेर पाहत बसलो. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, पण विचारताना तिचा आवाज असा होता की जणू तुम्ही पुढच्या सीटवर बसला आहात.

माझं काय झालं ते तुम्हालाच सांगतो, तिला मी गाडीवरून पडलो असं सांगितलंय. बुलढाण्यात दुसऱ्या वर्षाला असताना एका मुलीत जीव अडकला होता. तिची सोयरीक जमल्याचं कळलं त्या दुपारी मी खोलीच्या खिडकीवर बुक्की हाणली. काच मनगटात घुसली, अंगठ्याच्या बाजूनं. दवाखान्यात टाके पडले. आतली नस पाहू दे म्हणत होते, तर मीच भांडून निघून आलो. कॉलेजही त्याच रागात सुटलं. जखम भरली आणि आत हरभऱ्याएवढी गाठ आली. शर्टाची बाही घासली तरी अंगठ्यापर्यंत करंट जातो. ती मुलगी अजून मनातून गेलेली नाही, पण तिचं दुखणं निदान अंघोळ तरी करू देतं.

गेल्या महिन्यात आई तिळाचं तेल गरम करून आली, गाठ चोळून जिरवायला. तिचं बोट नुसतं टेकलं आणि मी ओरडून वाटीच उडवली. फरशीवरचं तेल पुसता पुसता मला एकदम तुम्ही दिसलात.

धामणगावचं आपलं स्वयंपाकघर. मी आठ वर्षांचा असेन. कडबा कापायच्या मशीननं तुमची दोन बोटं नेली त्याला वर्ष झालेलं, आणि उरलेल्या खुंटावर अशीच गाठ. चोळली की जिरते असं गावात सगळेच म्हणायचे, म्हणून रोज संध्याकाळी ते काम माझ्याकडे. मी पाटावर बसतो, तुमचा पंजा मांडीवर घेतो आणि सगळा जोर लावून दाबतो. तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसलेले. बरं वाटते का, मी विचारतो. "हाव," तुम्ही म्हणता, "तुह्या हाताले गुण हाये." ते मी शाळाभर सांगत फिरलो. एकदाच तुम्ही हात हिसकावून घेतला आणि दुसऱ्या हातानं माझ्या पाठीत धपाटा घातला. मी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी तुम्ही स्वतःच वाटी घेऊन माझ्यासमोर बसलात आणि म्हणालात, "चला डॉक्टरसाहेब, चोळा."

तेव्हा तुम्हाला काय होत होतं ते आता माझ्या मनगटाला कळतं. मला एक टेकलेलं बोट सोसलं नाही, बाबा, आणि तुम्ही वाटी घेऊन स्वतः येत होता.

अकोल्याच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. तुटलेली नस मरत नाही, वाढत राहते, पुढचं टोक शोधते. नाही सापडलं तर तिथंच स्वतःभोवती गुंडाळत जाते, तीच गाठ. नुसती कापली तर पुन्हा येऊ शकते. म्हणून कापल्यावर टोक मागं नेऊन जाड स्नायूच्या आत पुरून टाकायचं, किंवा स्नायूच्या एखाद्या बारीक नसेला जोडून द्यायचं, म्हणजे तिला काम मिळतं आणि ती शांत होते. काम मिळतं म्हणताना ते माझ्याकडेच काऊन पाहत होते, कोण जाणे. अंगठ्यामागची थोडी जागा बधिरच राहील म्हणाले. राहू द्या म्हटलं.

आज सकाळी भाकरी थापता थापता आईनं पुन्हा तेच विचारलं. मी सांगितलं, नाही, हे आता-आता निघालं, तेव्हा कुठं होतं. तिचे हात थांबले. "मंग ठीक हाये," ती म्हणाली, "मले वाटे, आपूनच त्याहीले कुठं नेलं नाही." आणि तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

हा कागद मला फाडावाच लागेल, आई माझ्या खिशातलं सगळं वाचते. काल दवाखान्यातून निघताना, आई पुढं गेल्यावर, मी डॉक्टरांना दारातच विचारलं होतं, हे कधीपासून करतात. टोक स्नायूत पुरणं फार जुनं आहे म्हणाले. तुमच्या वेळीही होत होतं, बाबा.