खालचा कप्पा

अहो,

मी कामावर निघाले. जेवण झाकून ठेवलंय, धाकटीला गरम करून द्या.

तिला कोपऱ्यावरच्या पुस्तकांच्या पेटीकडे न्याल तेव्हा छत्री घ्या. एक पुस्तक ठेवायचं, एक आणायचं, हे तिला छान शिकवलंत. पण तिची नवी ठेवून दर वेळी थोरल्याचीच जुनी घरी येतात, हे मला दिसत नाही असं समजू नका. तो गेल्यावर ती पेटीत मीच नेऊन टाकली होती. घरात बघवत नव्हती.

काल त्यातलंच एक पुस्तक उघडून ती विचारत होती, "वाघाला पेनाने चष्मा कुणी काढला?" मी म्हटलं, बाबांना विचार. तिला एक दादा होता, हे आज तुम्हीच सांगा. माझ्या तोंडून निघत नाही.

उरलेलीही घेऊन या. खालचा कप्पा रिकामा केलाय, तिचा हात पोचेल असा.